इंजिनाला गोधडी

इंजिन आणायचं कृष्णाबाईनेच ठरवलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतरी पुढे वर्षभर सगळ्या मढ गावाने दुसरं काही सांगितलंच नाही.

नवरा रामनाथ नको म्हणत होता. म्हणजे तोंडाने नाही म्हणाला. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर तेवढी हिंमत कुठल्या नवऱ्यात उरते? त्याने शिडाकडे पाहिलं, मग वल्ह्याकडे पाहिलं, मग विडी पेटवली. कृष्णाबाई म्हणाली, "काय ते तोंडानं बोल." रामनाथ म्हणाला, "काय नाय." झालं. सोसायटीत अर्ज गेला आणि अडुसष्ट सालच्या दिवाळीत दहा घोड्यांच्या ताकदीचं डिझेल इंजिन बोटीत येऊन बसलं. घोडे दहाच होते का ते इंजिन बनवणाऱ्याला ठाऊक. आवाज मात्र शंभर गाढवांचा होता.

ही बोट मासेमारीची नव्हे. मढच्या कोळणींना टोपल्यांसकट खाडीपलीकडे वेसाव्याला न्यायची, हे तिचं काम. शहरातले लोक वेसाव्याला वर्सोवा म्हणतात, म्हणोत बापडे. तिथून बसने अंधेरीचा बाजार. बोटीचा नाखवा रामनाथ. पण नाखव्याने सुकाणू धरायचं आणि बोट चालवायची ती कृष्णाबाईने, हे सगळ्यांना माहीत होतं. रामनाथला तर सर्वांत आधी.

आता बाजाराची गोष्ट कळल्याशिवाय पुढची कळायची नाही. अंधेरीच्या बाजारात मढवाल्यांच्या बसायच्या जागा चौदा. पहिली जागा फाटकाशी. टांग्यातून उतरलेली बाई आधी तिथेच वाकून पापलेटाचा कल्ला उघडून बघणार. चौदावी जागा कोंबडीवाल्याच्या मागे, मुतारीला लागून. तिथला मासा उड्या मारत असला तरी नाक दाबून भाव करणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. तेव्हा आज कोणी कुठे बसायचं, हे रोज सकाळी कृष्णाबाई सांगायची. कागद नाही, पेन्सिल नाही. दुसरीत असताना मास्तरने पाटी फेकून मारली, हिने ती उचलून परत मारली, तिथे शिक्षण संपलं होतं. पण चौदा बायकांची पाळी, कोण बाळंत, कोणाला सुतक, काल कोणी गिऱ्हाइकाच्या पिशवीत शिळी सुरमई सरकवली म्हणून आज तिला मुतारीशेजार, हे सगळं तिच्या डोक्यात. सव्वीस वर्षांत एक चूक नाही. एकदा झाली होती, पण ती चूक दाखवणारी बाई दुसऱ्या दिवशी चौदाव्या जागेवर होती, त्यामुळे ती धरत नाहीत.

आणि हा शब्द द्यायचा तो खाडीच्या मधोमध. जमिनीवरचा शब्द म्हणजे बाजारचा शब्द, फिरवला तरी चालतो. पाण्यावर बोललेलं मात्र हरबादेवी ऐकते. ते मागे घेता येत नाही, बदलता येत नाही, "मी तसं म्हणालेच नाय" असंही म्हणता येत नाही. फिरवणारीच्या टोपलीत किडे पडतात. हे काम कृष्णाबाईला सासूने दिलं होतं. मरताना पाटल्या दिल्या लेकीला आणि हे दिलं सुनेला. पाटल्या कधीच मोडून झाल्या. शब्द अजून चालू होता.

तर इंजिनाच्या पहिल्या दिवशी बोट मधोमध आली. कृष्णाबाई उभी राहिली, पदर खोचला आणि बोलली. मढला उभी राहून बोलली तर वेसाव्याची कुत्री उठतात असा आवाज. पण त्या दिवशी बायकांना दिसलं ते एवढंच, की पाण्याबाहेर काढलेल्या शिंगाळ्यासारखं तिचं तोंड उघडतंय आणि मिटतंय. शंभर गाढवं बाकी सगळं गिळून बसली होती.

बाजारात पोचल्यावर बघते तर पहिल्या जागेवर मंजुळा.

मंजुळा म्हणजे कृष्णाबाईची चुलत जाऊ. हसून बोलणारी, आणि म्हणूनच भरवशाची नव्हे.

"उठ," कृष्णाबाई म्हणाली. "तुला नववी सांगितली होती."

"सांगितली होती? अगो बाय, मला वाटला तू जांभई देतंस."

दुसऱ्या दिवशी कोणालाच काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी ऐकू न येण्याची सगळ्यांना सवय झाली. बस थांबली रे थांबली की टोपल्या डोक्यावर, लुगडी गुडघ्यावर आणि बायका बाजाराच्या दिशेने सुसाट. अंधेरीचे लोक बाजूला होऊन बघायचे, यांच्या मागे पोलीस लागलाय की पुढे. जी धावेल तिची जागा. आणि धावू न शकणारी एकच होती, सोनूबाई. वय सत्तर, गुडघे ऐंशी. कृष्णाबाईच्या सासूच्या वेळेपासूनची. कृष्णाबाईच्या हिशेबात म्हातारी पहिल्या तीनच्या खाली कधी जात नसे. आता ती रोज चौदावी. कुरकुर नाही की शिवी नाही. एके दिवशी बोटीत नुसती म्हणाली, "मुतारी झाडणारा चांगला माणूस हाय गो. आज माझी तब्येत विचारलीन."

ते कृष्णाबाईला लागलं. मंजुळेने दहा शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

आधी तिने इंजिन मधोमध बंद करायला लावलं. कल्पना साधी होती. इंजिन बंद, बोलणं, इंजिन चालू. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरीसाठी रामनाथने हँडल मारलं, मग दोघींनी मारलं, मग चौघींनी. तोवर भरतीने बोट उचलून मालाडच्या बाजूच्या चिखलात नेऊन ठेवली. सहा तास चौदा बायका चिखलात, सोबत कोलंबी आणि वरून ऊन. ती कोलंबी पुढे तीन दिवस सगळ्या गावाने खाल्ली. कोणी तोंड उघडून तक्रार करायला धजलं नाही, कारण तोंड उघडलं की तोच वास यायचा.

मग हातवारे केले. बोटं दाखवायची. एक म्हणजे पहिली, दोन म्हणजे दुसरी. दहाच्या पुढे पायाची दाखवायची का, यावर वाद झाला आणि नववीला दाखवलेल्या नऊ बोटांचा मंजुळेने असा काही अर्थ काढला की तो इथे सांगण्यासारखा नाही.

शेवटी मंजुळेनेच तोंड उघडलं, आणि उघडलं तेही देवळापुढे, सगळ्यांच्या देखत. "इंजिन तरी काढा, नायतर चिठ्ठ्या टाका. पेटीतून नाव निघंल ती बसंल. शिकलेल्या बायका तसाच करतात."

शिकलेल्या, हा शब्द तिने जरा सावकाश म्हटला.

"इंजिन राहणार," कृष्णाबाई म्हणाली. "आवाज जाणार."

"कुठं जाणार?"

"तुझी अक्कल गेली तिथं."

"बरा. शिमग्यापर्यंत बघू. होळीच्या सकाळी तुझा शब्द ऐकू आला तर ठीक. नायतर दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या." बायकांनी माना हलवल्या. सोनूबाईने नाही हलवली, पण ती झोपली होती.

गावात एखाद्याचं गळू ठणकायला लागलं की जसे औषधवाले गोळा होतात, तसे इंजिनाला गप्प करणारे गोळा झाले. एक म्हणाला, इंजिनात खोबरेल घाला. एक म्हणाला, इंजिनाला नजर लागली आहे, लिंबू बांधा. लिंबू बांधलं, ते भाजून निघालं, त्याचं लोणचं बरं झालं असतं. सरतेशेवटी कृष्णाबाईने स्वतःचंच डोकं चालवलं. पोर रडायला लागलं की आपण काय करतो? गोधडीत गुंडाळतो.

चौदा घरांतून अकरा गोधड्या आल्या. मंजुळेनेही दिली, घरातली सर्वांत विरलेली. रामनाथने इंजिनाकडे बघितलं, गोधड्यांकडे बघितलं, विडी पेटवली.

"काय ते बोल," कृष्णाबाई म्हणाली.

"काय नाय. विडी विझवतो."

एवढी एक शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी झाली.

अकरा गोधड्यांखाली इंजिन सुरू झालं आणि खरंच, आवाज शेजारच्या खोलीत म्हातारा घोरावा एवढाच आला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मंजुळेचं हसू उतरलं. बोट मधोमध आली. कृष्णाबाई उठली, घसा साफ केला आणि म्हणाली, "सोनूबाई..."

इंजिन बंद पडलं.

"...पहिली!" हे मात्र असं लख्ख ऐकू गेलं की वेसाव्याच्या किनाऱ्यावर जाळं विणणाऱ्याने मान वर केली. पाठोपाठ जळक्या चिंध्यांचा वास आला. मग धूर आला. मग खालून तिसऱ्या गोधडीतून एक जीभ बाहेर आली, पिवळी, आणि चौदा बायका एकदम बोटीच्या एकाच बाजूला गेल्या. बोट कलंडली नाही ती देवीची कृपा. रामनाथने बर्फाचं पाणी ओतलं, कृष्णाबाईने पेटत्या गोधड्या वल्ह्याने उचलून खाडीत भिरकावल्या.

"माझ्या आयशीचा लुगडा होता त्यात!" मंजुळा किंचाळली.

"तुझ्या आयशीनं जन्मात एवढा उजेड पाडला नव्हता," कृष्णाबाई म्हणाली. पण हात भाजला होता आणि तो ती पदराखाली लपवत होती.

दुसरा उपाय शिकलेला होता. मार्तंडराव म्हणजे अंधेरीचं गिऱ्हाईक. रविवारी हलवा, बुधवारी बांगडे, भाव न करता. ते एका स्टुडिओत आवाज नोंदवायच्या यंत्रावर होते आणि बाहेरचा कावळासुद्धा आत ऐकू येऊ नये, याचाच त्यांना पगार मिळायचा. कृष्णाबाईने त्यांच्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकायला लावून विचारलं. मार्तंडराव पांढरी पँट घालून पुढच्या रविवारी बोटीवर हजर. त्यांनी इंजिनाच्या खणात उतरून टाळी वाजवली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आवाज दोन वाटांनी येतो, कृष्णाबाई. एक हवेतून, दुसरी लाकडातून. तुम्ही एकच अडवलीत."

"म्हणजे चोर मागच्या दारानं येतो."

"अगदी! आपल्याला कसा, मेलेला आवाज पाहिजे."

"आमच्या बोटीवर मेल्याचं नाव नको," रामनाथ म्हणाला. मार्तंडराव दचकले. रामनाथला बोलता येतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मग इंजिनाखाली टॅक्सीच्या जुन्या टायरचं जाडजूड रबर आलं. वर लाकडाची पेटी आली आणि पेटीला आतून-बाहेरून अंड्यांचे कागदी ट्रे. "मुंगी शिरेल एवढीसुद्धा फट ठेवायची नाही," मार्तंडराव म्हणाले. त्यांना मुंग्यांबद्दल काहीतरी राग असावा. पेटीच्या बाहेरच्या खळग्यांचा बायकांना मात्र भलताच उपयोग झाला. एकात तंबाखू, एकात चुना, एकात मिशरी. चौदा जणींचे खळगे ठरले आणि तिथेही पहिल्या खळग्यासाठी भांडण झालं.

आवाज कमी झाला, खोटं कशाला बोला. पण मऊ रबरावर इंजिन नाचायला लागलं. आणि नाचता नाचता, कोणाच्या लक्षात न येता, धुराच्या नळीचा सांधा सुटला. धूर बाहेर जायचा तो फळ्यांखालून मागे जायला लागला. मागे सुकाणूवर रामनाथ, आणि माघाचं वारं झोंबतं म्हणून त्याने तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधून घेतलेली.

बोट मधोमध आली. कृष्णाबाई उभी राहिली. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी गाऊ लागलं.

रामनाथ गात होता. तीस वर्षांत पाळण्याची दोरी ओढतानाही न गायलेला माणूस. गाणं संपवून तो हसला आणि मोठ्यांदा म्हणाला, "मला शीड आवडायचा!"

सगळ्या बोटीला ऐकू गेलं. आवाज कमी झाला होता ना.

"इंजिन मला नको होता! विचारला कोणी?" रामनाथचा चेहरा लाल, डोळे तरंगते. "आणि दुसरी गोष्ट! बोंबलाचं कालवण करावा तर मंजुळेनं! आमच्या घरात नुसता पाणी!"

सुकाणू सोडून बोलणाऱ्या नाखव्याने बोट एव्हाना जुहूच्या दिशेला लावली होती. कृष्णाबाई आधी संतापाने उठली. दोन पावलं गेल्यावर तिला धुराचा वास आला. तिने ताडपत्री एका हिसक्यात फाडली, नवऱ्याची बंडी पकडली आणि चौदा टोपल्या तुडवत त्याला फरफटत नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, वाऱ्यात नेऊन आडवा केला. एक दांडगी बाई सुकाणूवर धावली, दुसरीने इंजिन बंद केलं. रामनाथला ओकारी झाली. त्याचे हात गार पडले होते. कृष्णाबाईने ते दोन्ही हातांत धरले आणि बोट वल्ह्यांनी मढला परत नेईपर्यंत सोडले नाहीत. काही बोलली नाही. बायकांनी तिला इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. त्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी रामनाथला चहा पाजून झाल्यावर मात्र तिने तोंड उघडलं. "बोलायचं होतं तर जमिनीवर बोलायचं. पाण्यावर का बोललास रे?"

कारण मंजुळा दुपारपासून गावभर सांगत फिरत होती, "मी काय नाय बोलत बाबा. पण पाण्यावरचा शब्द. फिरत नाय."

शिमग्याला पंधरा दिवस उरले होते. आता कृष्णाबाईने सल्ला घेणं बंद केलं आणि वेसाव्याच्या बंदरावरच्या मेकॅनिककडे गेली. आधीच गेली असती तर ही गोष्ट लांबली नसती, पण हा मेकॅनिक काम करण्यापूर्वी शिव्या देतो अशी त्याची ख्याती होती, आणि कृष्णाबाईला शिव्या ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्याचं नाव चंद्रप्रकाश. गाव बनारसकडचं, मराठी वेसाव्याचं. त्याने पेटी उघडली, टायर बघितले, सुटलेला सांधा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"आई, कोणी बडबड करतंय म्हणून त्याचं नाक दाबतात काय? इंजिनला पण श्वास लागतो. तुम्ही तर त्याचा खून करत होता. आणि सोबत नाखव्याचा फुकट."

पुढे तो बरंच बोलला. कृष्णाबाईने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. मध्येच फक्त विचारलं, "नाखव्याला परत काय होणार नाय ना?"

चंद्रप्रकाशने उरलेल्या शिव्या गिळल्या आणि तो कामाला लागला. टायर काढून बोटभर जाडीचं घट्ट रबर घातलं, वर इंजिन बोल्टांनी आवळलं. धुराच्या नळीला नवा सांधा, नवा सायलेन्सर, आणि नळी थेट बोटीबाहेर. डिझेलची टाकी उष्णतेपासून लांब. पेटी नवी, आतून पत्रा, पत्रा आणि लाकडाच्या मध्ये काचेचा कापूस, अंगाला लागला तर कुसळासारखा टोचणारा, आणि तापणाऱ्या नळीपासून सगळं वीतभर दूर. तेल गळलं तर कापसात जाऊ नये म्हणून खाली तसराळं. शेवटी पेटीला दोन नाकपुड्या, एक खाली, एक वर, कोपरासारख्या वाकवलेल्या.

"भोकं पाडलीस तर आवाज येईल की."

"हवा शहाणी असते आई, वळून जाते. आवाज अकडू. सरळ जाऊन भिंतीवर आपटतो, तिथंच मरतो."

"मंजुळेसारखा," कृष्णाबाई म्हणाली. तिला विज्ञान एकदम कळलं.

मंजुळेचं नाव निघालंच आहे तर, काचेचा कापूस तिनेही पाहिला. पांढराशुभ्र, मऊ. देवाच्या वातींसाठी कोणी न बघता तिने मूठभर काढला आणि चोळीत खोचला. त्यानंतर दोन दिवस ती बाजाराला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती बसमध्ये उभ्याने, खांबाला पाठ घासत. काय झालं ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पेटी आणि सायलेन्सर बसले ते होळीच्या आदल्या रात्री; तोवर बोट जुन्याच आवाजात चालली होती. होळीच्या सकाळी साडेसहाला रामनाथने इंजिन सुरू केलं. मांजर चुलीशी बसून गुरगुरावं तसा आवाज. कृष्णाबाईने नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली. सोनूबाई नेहमीप्रमाणे तासभर आधीच येऊन बसली होती. बाकी कोणी नाही.

पावणेसात झाले. तरीही कोणी नाही.

आणि मग कृष्णाबाईच्या लक्षात आलं. चार महिने सगळं मढ या इंजिनाच्या आवाजावर उठत होतं. ठकठक सुरू झाली की बायका चहाचा कप खाली ठेवायच्या आणि टोपली उचलायच्या. आज ठकठक नव्हती. तेरा जणी आपापल्या घरात चुलीपुढे बसून इंजिनाची वाट बघत होत्या.

"जाऊन हाक मार," रामनाथ म्हणाला.

"मी? दारोदार? मंजुळेच्या दारात? बोट सोड. वेळ म्हणजे वेळ. ओहोटी थांबते काय कोणासाठी?" खरं कारण निराळं होतं. इतक्या खटाटोपाने गप्प केलेलं इंजिन फारच गप्प झालं, हे तिला मंजुळेच्या उंबऱ्यावर कबूल करायचं नव्हतं.

बोट सुटली. तीन माणसं, एक टोपली आणि धुकं. धुक्यातून एकदम समोर एक वल्ह्याची होडी आली, होडीत छत्री, छत्रीखाली साहेब. रामनाथने सुकाणू मारलं. बोट होडीला घासून गेली, छत्री पाण्यात पडली आणि साहेब उभे राहून ओरडले, "आंधळे आहात का? आवाज करता येत नाही?"

हे श्यामकांत साहेब, बोटी तपासणाऱ्या सरकारी कचेरीचे. कुठल्याशा पडावाची मोजणी करायला निघाले होते. आता दोन्ही हातांनी कठडा धरून ते या बोटीवर चढले आणि त्यांनी इथेच तपासणी सुरू केली. पेटी नवी कशी, कोणाच्या परवानगीने, नाकपुड्या किती. नाकपुड्या त्यांना आवडल्या. सांधा, टाकी, तसराळं, सगळं वाकून बघितलं आणि "हं, सुरक्षित आहे" असं म्हणाले. मग पाठ ताठ केली.

"पण भोंगा कुठे आहे?"

"भोंगा कशाला?"

"बाई, नियम आहे. आवाज न करणारी बोट धुक्यात चालली तर माणसं मरतील. आत्ता मीच मरत होतो. भोंगा किंवा घंटा पाहिजे, अर्ध्या मैलावर ऐकू जाईल अशी. ती बसवून, तपासून, दाखला मिळेपर्यंत ही बोट बंद."

"कवापर्यंत?"

"अर्ज करा. महिनाभर लागेल."

कृष्णाबाईने खाडीकडे पाहिलं. होळीची सकाळ. उद्यापासून चिठ्ठ्या. चिठ्ठीला म्हातारीचे गुडघे दिसत नाहीत, कोण बाळंत ते कळत नाही. सासूने दिलेली ती एकच वस्तू, तीही भोंग्यावाचून जाणार. सोनूबाई टोपलीवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "जाऊ दे गो. मुतारीवाला चांगला हाय."

"साहेब," कृष्णाबाई म्हणाली, "अर्ध्या मैलावर ऐकू गेला पाहिजे, एवढाच ना?"

"एवढंच. इथून वाजवलं की मढला ऐकू..."

कृष्णाबाईने पदर खोचला, मढकडे तोंड केलं आणि श्वास घेतला. रामनाथने कानांत बोटं घातली. साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मंजुळेऽऽऽऽऽ! पाठ खाजवून झाली असंल तर टोपली उचल गोऽऽऽऽ!"

धुकं हललं म्हणतात. सोनूबाई शपथेवर सांगते. मढची कुत्री भुंकायला लागली, मग वेसाव्याची. साहेबांच्या हातातून फाउंटन पेन निसटून पाण्यात गेलं. आणि किनाऱ्यावर एकेक दार उघडून टोपल्या दिसायला लागल्या, एक, दोन, सात, तेरा. वाऱ्यावरून बारीक आवाज आला, "आलूऽऽऽ! थांब गोऽऽऽ!"

साहेबांनी आधी कान चोळले. मग त्यांनी होडीवाल्याकडून पेन्सिल मागून घेतली.

"रोज असतं का हे?"

"सव्वीस वर्षं," रामनाथ म्हणाला.

"बिघडतं कधी?"

"नाय साहेब. बंदच होत नाय."

साहेबांनी फॉर्म भरला. कृष्णाबाईने वाचून दाखवायला लावला, दोनदा. "ध्वनिसंकेताचं साधन: एक. प्रकार: कंठ. पल्ला: अर्ध्या मैलाहून अधिक. सदर साधन, म्हणजे कृष्णाबाई रामनाथ कोळी, बोटीवर हजर नसल्यास बोट सोडण्यास मनाई आहे." खाली सही, पेन्सिलीत.

बोट परत मढला गेली, तेरा जणी चढल्या. मंजुळा सगळ्यांत शेवटी, कोणाकडे न बघता. कृष्णाबाईने कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि खाडीच्या मधोमध उभी राहिली. इंजिन गुरगुरत होतं. तिला ओरडावंसुद्धा लागलं नाही.

"सोनूबाई, पहिली," ती म्हणाली, आणि एकेक नाव घेत गेली. घरात बोलावं तशी. "...आणि मंजुळा. चौदावी. ऐकू आला?"

"आला," मंजुळा म्हणाली. न ऐकू येण्याची सोयच राहिली नव्हती. तिने पाठ कठड्याला घासली, जरा थांबली, आणि मग तेच जुनं हसू हसून म्हणाली, "बाय, आज सणाचा दिवस. नाखव्यासाठी बोंबलाचं कालवण पाठवू काय? पाण्यावरचा शब्द हाय, पाळायला नको?"

एवढ्या शांततेत हे बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. तेरा बायकांनी ओठ दाताखाली धरले. कृष्णाबाईचं तोंड उघडलं.

रामनाथने सुकाणू एका हाताने धरलं, विडी दातात घट्ट केली, वाकून दुसऱ्या हाताने इंजिनाच्या पेटीचं झाकण उचललं आणि वेसावं येईपर्यंत तसंच उचलून धरलं.